पत्र उघडायचा हक्क कुणाचा? पानिपतच्या कासदापासून कुलूपबंद ईमेलपर्यंत

(पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा.)

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना कशी कळली, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सावकारी शब्दांत लिहिलेली ती छोटीशी चिठ्ठी. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ, हे सांगायला कुणाला मास्तर लागत नाही.

पण त्या गोष्टीतला एक तपशील आपण नेहमी विसरतो. ती चिठ्ठी पेशव्यांना लिहिलेलीच नव्हती! ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. पानिपताहून नऊ दिवसांत औरंगाबाद गाठायच्या बोलीवर सावकारांनी एक कासीद धाडला होता. पत्र सावकारांचं, सावकारांनाच. नर्मदा ओलांडताना हा कासीद पेशव्यांना भेटला आणि पेशव्यांनी ते पत्र उघडून वाचलं.

म्हणजे १७६१ साली दोन गोष्टी घडल्या. एक, ज्याच्या ताब्यात रस्ता त्याने दुसऱ्याचं पत्र उघडलं. दोन, पत्र सांकेतिक भाषेत होतं तरी त्याचा अर्थ लागायला क्षणही लागला नाही. पेशव्यांना दोष द्यायचा नाही. पोटचा पोरगा लढाईत असलेला बाप दुसरं काय करणार? पण प्रश्न तेव्हापासूनचा आहे. पत्र लिहिणारा एक, वाचणारा एक, आणि मध्ये रस्ता धरून बसलेला तिसरा. या तिसऱ्याचं काय करायचं?

आज हे काढायचं कारण असं. अलीकडे बरेच जण विचारतात, “जीमेल सोडून ते प्रोटॉन का काय ते घ्यावं का? टुटा बरं का? खरंच कुणी वाचू शकत नाही का?” विचारणाऱ्यांत शिक्षक आहेत, माहिती अधिकारात अर्ज टाकणारे आहेत, एक-दोन वकील आहेत, घरच्यांनी पासवर्ड बळकावलेल्या एक ताई आहेत. यांना “हो घ्या” किंवा “काही गरज नाही” असं एका ओळीत सांगणं म्हणजे फसवणूक होईल. या सेवांचा इतिहास माहीत असेल तर निवड आपोआप सोपी होते. म्हणून तो सांगतो.

*पोस्टकार्ड आणि पाकीट*

आपल्याकडे पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा. गरिबाला परवडणारं पहिलं टपाल. पण कार्ड उघडं. पोस्टमन वाचणार, वाड्यातलं पोरगं वाचणार, आणि ज्याच्या नावावर आलंय त्याला वाचता येत नसेल तर पोस्टमनच मोठ्याने वाचून दाखवणार. कोपरा फाडलेलं कार्ड दिसलं की वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची.

पण हे सगळं असूनही कार्डावर काय लिहायचं आणि पाकिटात काय घालायचं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. “आम्ही खुशाल आहोत, पाऊसपाणी बरा आहे” हे कार्डावर. लग्नाची बोलणी, जमिनीचा वाद, सुनेच्या तब्येतीचं काही, पैशाची देवघेव हे पाकिटात किंवा चिकटवलेल्या आंतर्देशीय पत्रात. पाकीट चिकटवणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नाही की “तुझ्याकडे लपवण्यासारखं एवढं काय आहे?” पाकीट चिकटवणं हा शहाणपणा होता, गुन्हा नव्हता.

सरकारला मात्र पाकीट उघडायचा हक्क कायम हवा होता. इंग्रजांनी १८९८ च्या टपाल कायद्यात कलम २६ घातलं. सार्वजनिक आणीबाणी असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचा आणि शांततेचा प्रश्न असेल तर टपाल अडवता येईल. त्याआधी १८८५ च्या तार कायद्याने तारेवरचा संदेश अडवायची सोय केली होतीच. इंग्रज गेले, कलमं राहिली.

पुढचा प्रसंग आजच्या पिढीला फारसा माहीत नाही. १९८६ साली राजीव गांधींच्या सरकारने टपाल कायद्यात दुरुस्ती आणली. पत्रं अडवायची कारणं आणखी रुंद करणारी. दोन्ही सभागृहांत मंजूर झाली. विधेयक राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्याकडे सहीला गेलं आणि त्यांनी सहीच केली नाही. नाकारलंही नाही, परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘पॉकेट व्हेटो’ म्हणून जे उदाहरण येतं ते हेच. पुढे २००२ मध्ये ते विधेयक मागे घेतलं गेलं. एका राष्ट्रपतींच्या टेबलावर चिकटवलेलं पाकीट वाचलं, असं म्हणायला हरकत नाही.

पण कायमचं नाही. २०२३ मध्ये संसदेने नवा टपाल कायदा केला, तो जून २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९ मध्ये टपाल अडवायचे अधिकार आहेत आणि कारणांची यादी चांगली लांब आहे. यावर आपल्याकडे चर्चा किती झाली, ते तुम्हीच आठवून बघा.

न्यायालयांनीही अधूनमधून वेसण घातली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फोन टॅपिंगच्या खटल्यात सांगितलं की हे मनमानी चालणार नाही, वरिष्ठ पातळीवर आदेश हवा, मुदत हवी, फेरतपासणी हवी. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. गुन्हेगारांसाठीची सवलत म्हणून हा हक्क दिलेला नाही, तो तुमचा आमचा सगळ्यांचा आहे.

*ईमेल म्हणजे पोस्टकार्डच*

आता ईमेलकडे येऊ. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला संदेश पाठवला. आपण ‘ॲट द रेट’ म्हणतो ते चिन्हही त्यानेच बसवलं. तेव्हा हे जाळं वापरणारे लोक कमी, एकमेकांना ओळखणारे, विद्यापीठांतले आणि प्रयोगशाळांतले. एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे पत्र बंद करायची सोय करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. ईमेल जन्माला आलं तेच उघडं कार्ड म्हणून.

आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल आलं. मुंबईचं रेडिफही त्याच काळातलं. तासाला पैसे मोजून सायबर कॅफेत बसून रेडिफमेल उघडलेली माझी पिढी अजून ते पत्ते अभिमानाने सांगते. मग १ एप्रिल २००४ ला गुगलने जीमेल आणलं, एक जीबी जागा फुकट. लोकांना वाटलं एप्रिल फूल आहे. फूल नव्हतं, पण फुकटही नव्हतं. तुमच्या पत्रातला मजकूर यंत्राने वाचून शेजारी त्याला साजेशी जाहिरात लावली जायची. म्हणजे पोस्टमन कार्ड वाचतोय आणि सोबत दुकानाचं पत्रकही टाकतोय. जाहिरातींसाठी मजकूर वाचणं बंद करतो, हे गुगलने जाहीर केलं २०१७ मध्ये. तेरा वर्षांनी.

इथे एक गैरसमज दूर करतो. आज जीमेलवरून पाठवलेलं पत्र वाटेत सहसा उघडं नसतं. दोन सर्व्हरच्या मधला प्रवास कुलूपबंद असतो. पण पत्र ज्या पोस्टात जाऊन पडतं, त्या पोस्टाकडे किल्ली असते. कंपनीला ते उघडता येतं, सरकारी नोटीस आली तर देताही येतं. आपला सगळा विषय या एका किल्लीभोवती फिरतो.

*लाल पेटीचं गणित*

गावातली लाल टपालपेटी डोळ्यांसमोर आणा. पत्र टाकायची फट सगळ्यांना खुली. कुणीही येऊन टाकावं. पण आत हात घालून काढता येत नाही, त्याला किल्ली लागते आणि ती एकाच माणसाकडे असते.

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी हीच कल्पना गणितात मांडली, आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती प्रत्यक्षात उतरवली. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या. एक जाहीर, ती म्हणजे पेटीची फट. कुणालाही द्या, तिने फक्त पत्र आत टाकता येतं. दुसरी खासगी, ती फक्त तुमच्याकडे, तिनेच पत्र उघडतं. दोन अनोळखी माणसांनी आधी न भेटता, संकेत न ठरवता, बंद पत्र पाठवायची ही पहिली खरी सोय. सावकारांच्या मोती-मोहरांसारखे अंदाजाने ओळखता येणारे शब्द आता नकोत.

हे गणित सामान्य माणसाच्या हातात दिलं ते फिल झिमरमन या अमेरिकन माणसाने, १९९१ मध्ये. त्याच्या प्रोग्रॅमचं नाव पीजीपी. अमेरिकेच्या कायद्यात तेव्हा असं मजबूत कुलूप म्हणजे दारूगोळा! परवानगीशिवाय देशाबाहेर नेलं तर गुन्हा. झिमरमनच्या मागे तीन वर्षं चौकशी लागली आणि १९९६ मध्ये खटला न भरताच बंद झाली. मधल्या काळात एक गंमत झाली. एमआयटीच्या प्रकाशनाने १९९५ मध्ये त्या प्रोग्रॅमचा सगळा कोड चक्क पुस्तकात छापला. संगणकावरून कोड बाहेर पाठवला तर दारूगोळा, पण छापील पुस्तक म्हणजे विचारस्वातंत्र्य.

पण पीजीपीची अडचण वेगळीच निघाली. ते वापरायला फार किचकट. १९९९ मध्ये अल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी १२ लोकांना बसवून प्रयोग केला. दीड तास दिला. त्यातल्या फक्त एक तृतीयांश लोकांना पत्र नीट कुलूपबंद करून पाठवता आलं. २०१२ च्या डिसेंबरात एडवर्ड स्नोडेनने ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकाराला निनावी लिहिलं की पीजीपी बसवा, मग बोलू. ग्रीनवाल्डने ते बसवायचं पुढे पुढे ढकललं. शतकातली मोठी बातमी दारात उभी आणि कुलूप लावायचा कंटाळा! शेवटी स्नोडेनने लॉरा पॉइट्रस या माहितीपटकार बाईंना गाठलं.

*दहा वर्षं तुरुंग, एका ईमेलपायी*

ही पुढची गोष्ट प्रत्येक पत्रकाराने आणि पत्रकाराला कागद पाठवणाऱ्या प्रत्येकाने वाचावी.

शी ताओ. चीनच्या हुनान प्रांतातल्या चांगशा शहरात एका वृत्तपत्रात काम करणारा पत्रकार. २००४ च्या एप्रिलमध्ये वरून सूचना आली की तिआनमेन प्रकरणाला पंधरा वर्षं होत आहेत, वृत्तपत्रांनी काय जपायचं. शी ताओने त्या सूचनेचा सारांश आपल्या याहूच्या खात्यावरून परदेशातल्या एका संकेतस्थळाकडे पाठवला. पोलिसांनी खातं कुणाचं हे याहूकडे विचारलं. याहूने माहिती दिली. त्या माहितीतून माग थेट वृत्तपत्राच्या कार्यालयापर्यंत गेला. २००५ मध्ये शी ताओला दहा वर्षांची शिक्षा झाली. आरोप, देशाची गुपितं बाहेर दिली.

याहूचं म्हणणं होतं, आम्ही स्थानिक कायदा पाळला. २००७ मध्ये अमेरिकेच्या संसदीय समितीपुढे याहूचे जेरी यांग यांना शी ताओच्या आईसमोर वाकून माफी मागावी लागली. शी ताओ सुटला २०१३ मध्ये.

आपल्याकडे चीनसारखं नाही, हे मान्य. पण तालुक्याच्या पातळीवर विचार करा. एखादा ग्रामसेवक, एखादी अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषदेतला एखादा कनिष्ठ लिपिक. त्यांनी निकृष्ट कामाचं बिल किंवा बोगस लाभार्थ्यांची यादी पत्रकाराला पाठवली आणि नाव फुटलं तर? तुरुंग नसेल, पण बदली आहे, निलंबन आहे, पगार अडकणं आहे, गावात राहणं अवघड होणं आहे. कायदा किती वाचवतो? १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात पत्रकाराला त्याचा सूत्र सांगायची सक्ती करता येत नाही असं म्हटलं आहे, पण ते प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. न्यायालयात किंवा पोलिसांपुढे ही ढाल चालत नाही. सूत्र वाचवायची जबाबदारी शेवटी पत्रकाराची आणि त्याने निवडलेल्या साधनाची.

*कुलूप विकणाऱ्यांची परीक्षा*

आता ज्या सेवा “आम्हाला तुमचं पत्र वाचताच येत नाही” असं सांगतात त्यांच्याकडे वळू. त्यांची जाहिरात बाजूला ठेवा. नोटीस आली तेव्हा त्यांनी काय केलं, एवढंच पाहा.

हशमेल. कॅनडातली, १९९९ ची सेवा. सोपी, ब्राउझरमध्ये चालणारी. लोक खूश. २००७ मध्ये बाहेर आलं की स्टेरॉइडच्या एका प्रकरणात कॅनडातल्या न्यायालयाच्या आदेशावरून त्यांनी १२ सीडी भरून ईमेल अमेरिकन तपास यंत्रणेला दिले. कसे दिले? सोयीसाठी पासवर्ड त्यांच्या सर्व्हरपर्यंत जायचा, तो तिथे पकडता येत होता. म्हणजे कुलूप खरं होतं, पण किल्ली दुकानदाराच्या काउंटरवरून जात होती.

लॅव्हाबिट. टेक्सासच्या लाडार लेव्हिसन याची सेवा. चार लाखांवर खातेदार, त्यातला एक स्नोडेन. २०१३ च्या उन्हाळ्यात एफबीआयने थेट मुख्य किल्ली मागितली. ती दिली असती तर एका माणसासाठी सगळ्या खातेदारांची पत्रं उघडी. लेव्हिसनने काय केलं? किल्ली ११ पानांवर इतक्या बारीक अक्षरात छापून दिली की वाचताच येऊ नये. न्यायालयाने रोज ५,००० डॉलर दंड लावला. शेवटी त्याने किल्ली दिली आणि ८ ऑगस्ट २०१३ ला आपली जवळपास दहा वर्षांची सेवाच बंद केली. दुसऱ्या दिवशी सायलेंट सर्कल या कंपनीनेही, नोटीस यायच्या आधीच, आपली ईमेल सेवा गुंडाळली. माणूस तत्त्वाचा होता, पण खातेदारांची सुरक्षा मालकाच्या तत्त्वावर टांगलेली असणं हीच तर कमजोरी.

यातून धडा घेऊन पुढची पिढी आली. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या शास्त्रज्ञांनी स्नोडेन प्रकरणानंतर प्रोटॉन मेल उभं केलं आणि मे २०१४ मध्ये लोकांसमोर आणलं. लोकवर्गणीतून साडेपाच लाख डॉलरवर पैसे जमले. तत्त्व असं की पत्र तुमच्याच फोनमध्ये कुलूपबंद होतं, किल्ली तुमच्या पासवर्डने बंद राहते, कंपनीच्या सर्व्हरवर फक्त बंद पेटी. जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या टुटाचंही तसंच. आधीचं नाव टुटानोटा, म्हणजे लॅटिनमध्ये ‘सुरक्षित संदेश’.

यांचीही परीक्षा झाली. २०२१ मध्ये फ्रेंच पोलिसांच्या विनंतीवरून स्वित्झर्लंडच्या यंत्रणेने प्रोटॉनला बंधनकारक आदेश दिला. पॅरिसमधल्या हवामान चळवळीतल्या एका खात्याचा आयपी पत्ता प्रोटॉनने नोंदवून दिला. पत्रांचा मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो त्यांनाच वाचता येत नव्हता. “आम्ही आयपी नोंदवत नाही” या त्यांच्या दाव्याची भाषा त्यानंतर बदलली. २०२४ मध्ये कॅटलोनियातल्या एका कार्यकर्त्याच्या प्रकरणात प्रोटॉनकडून गेला तो फक्त त्या माणसाने स्वतः भरलेला रिकव्हरी ईमेल. तो ॲपलचा होता. पुढचं नावगाव तिथून निघालं. टुटाला २०२० मध्ये कोलोनच्या न्यायालयाने एका खात्यावर नजर ठेवायला लावलं. त्यांना नव्याने येणारी साधी, कुलूप नसलेली पत्रंच देणं शक्य होतं. आधीची बंद पत्रं बंदच राहिली.

बघा फरक. कायदा प्रत्येक देशात आहे, नोटीस प्रत्येकाला येते, आणि कायदेशीर कंपनी ती पाळते. “स्वित्झर्लंडमध्ये आहे म्हणजे कुणी हात लावत नाही” हे थोतांड आहे. खरा प्रश्न एकच आहे. नोटीस आल्यावर द्यायला त्यांच्याकडे असतं काय?

*नाण्याची दुसरी बाजू, आपल्याच देशातली*

इथे फक्त कुलपाची आरती ओवाळून चालणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये चेन्नईच्या १३ खासगी शाळांना बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या. पालकांची काय अवस्था झाली असेल! ईमेल प्रोटॉनवरून आले होते. पोलिसांनी ही सेवाच बंद करायची मागणी केली, केंद्राने पावलं उचलली, मग स्विस सरकारने मध्ये पडून ते थांबवलं. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने केंद्राला प्रोटॉन मेलवर बंदीची प्रक्रिया सुरू करायला सांगितलं. तक्रार एका कंपनीची होती. तिच्या महिला कर्मचाऱ्यांबद्दल अत्यंत घाणेरडे ईमेल पाठवले जात होते.

त्या बायकांचा खासगीपणा खासगीपणा नाही का? आहेच. पाठवणारा सापडलाच पाहिजे. पण त्यासाठी पेटीच उखडून टाकणं म्हणजे निनावी पत्रं येतात म्हणून गावातलं पोस्ट बंद करणं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ सरकारला संदेश अडवायचे आणि उलगडायचे अधिकार देतं. सहकार्य केलं नाही तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. परदेशी सरकारांमार्फत माहिती मागवायचे रस्तेही आहेत, ते संथ आहेत ही खरी तक्रार. ते रस्ते वेगवान करा म्हणणं हे सेवा बंद करा म्हणण्यापेक्षा पीडितांच्या जास्त उपयोगाचं आहे. बंदीने गुन्हेगार दुसरं दुकान शोधतो, आणि अडकतो तो कागद पाठवणारा लिपिक.

*मग निवड कशी करायची?*

आता कामाचं बोलू. यात माझी कुणाशी दलाली नाही.

१. भीती कुणाची ते आधी ठरवा. चोराची, जाहिरातवाल्यांची, मालकाची, घरातल्याची, की सत्तेतल्या कुणाची? फक्त चोराची असेल तर जीमेललाच मजबूत पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा, पुरे. बँक, पीएफ, पोरांच्या शाळेचं ईमेल हलवायची काही घाई नाही.

२. किल्ली कुणाकडे ते विचारा. “सर्व्हर सुरक्षित आहे”, “डेटा भारतातच आहे”, “स्वदेशी आहे” ही सगळी उत्तरं दुसऱ्याच प्रश्नांची आहेत. कंपनीला पत्र वाचता येतं की नाही, एवढंच विचारा. आणि कोड तपासायला खुला आहे का तेही बघा. प्रोटॉन आणि टुटा या दोघांच्या ॲपचा कोड खुला आहे.

३. पाकिटावरचा पत्ता उघडाच असतो. कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे लपत नाही. प्रोटॉनमध्ये पत्राचा विषयही उघडा राहतो, टुटामध्ये तो बंद असतो. त्यामुळे विषयाच्या जागी “रस्त्याच्या बोगस बिलाचे पुरावे” असं लिहू नका. “नमस्कार” पुरेसं आहे.

४. दुसरं टोक विसरू नका. तुम्ही प्रोटॉनवरून जीमेलवर साधं पत्र पाठवलं तर त्याची उघडी प्रत जीमेलमध्ये जाऊन पडते. दोघांकडेही एकच सेवा असावी, नाहीतर पासवर्ड लावून पाठवायची सोय वापरावी. आणि तो पासवर्ड फोनवर किंवा समोरासमोर सांगावा, दुसऱ्या ईमेलने नव्हे!

५. खातं उघडताना जे भराल तेच उद्या बाहेर जाऊ शकतं. कॅटलोनियाची गोष्ट आठवा. नाव लपवायचं असेल तर नेहमीचा नंबर आणि नेहमीचा ईमेल रिकव्हरीला देऊ नका.

६. पण मग पासवर्ड विसरलात तर कंपनी तुमची जुनी पत्रं परत आणू शकत नाही. ती आणू शकली असती तर ती वाचूही शकली असती. रिकव्हरीचे शब्द वहीत लिहून कपाटात, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवू नका.

७. मोफत खातं सुरुवातीला पुरतं, जागा साधारण एक जीबी. टुटाचं मोफत खातं सहा महिने उघडलं नाही तर ते बंद केलं जातं, हे ध्यानात ठेवा. रोजचं काम असेल आणि परवडत असेल तर पैसे देऊन घ्या. पोस्टमनला पगार आपण दिला तर त्याला पत्रकं टाकायची गरज उरत नाही.

८. सर्वांत महत्त्वाचं, पेटी पक्की असली तरी घराचं दार उघडं असेल तर उपयोग नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ च्या अहवालात म्हटलं की रोना विल्सन यांच्या संगणकात २०१६ मध्ये ईमेलमधून व्हायरस शिरवून बाहेरून फायली टाकल्या गेल्या. तपास यंत्रणेला हा निष्कर्ष मान्य नाही आणि प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर इथे निकाल द्यायचा नाही. पण तांत्रिक धडा घ्यायला हरकत नाही. संगणकच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर जगातलं कुठलंही ईमेल तुम्हाला वाचवत नाही. ओळखीच्या नावाने आलेली फाईलसुद्धा फोन करून विचारल्याशिवाय उघडू नका. आणि ऑफिसच्या संगणकावरून, ऑफिसच्या वायफायवरून असलं काही पाठवू नका. शी ताओचा माग तिथूनच लागला होता.

माझं मत विचाराल तर, ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी, अब्रू किंवा जीव आहे, त्याने असं एक खातं उघडून ठेवावंच. पत्रकार, वकील, डॉक्टर, समुपदेशक, माहिती अधिकारवाले. खातं गरज पडल्यावर उघडायचं नसतं. गरज पडते त्या रात्री माणूस घाबरलेला असतो आणि घाबरलेला माणूस कागद व्हॉट्सॲप ग्रुपवरच टाकून मोकळा होतो. आणि जितकी साधी माणसं हे वापरतील, तितका ते वापरणारा एकटा माणूस संशयित ठरणार नाही. सगळं गाव पाकीट चिकटवतं तेव्हा पाकीट चिकटवणाऱ्याकडे कुणी वळून बघत नाही.

सहमत नसाल तर कमेंटमध्ये जरूर लिहा. भांडण नको, मुद्दा हवा. खातं उघडताना कुठे अडलात तर विचारा, जमेल तशी उत्तरं देतो. फक्त तुमचे पासवर्ड मला सांगू नका!